दुपारची लघवी

सकाळची लघवी आम्हांला नको असते.
दहा वाजून गेले पाहिजेत, पत्रे तापले पाहिजेत,
आणि पोरांनी मैदानाला दोन फेऱ्या मारलेल्या पाहिजेत;
धावलं की मूत्राशय ढवळून निघतं,
तळाला बसलेलं वर येतं.
मग बाटल्या वाटायच्या. नंबर पेन्सिलीनं,
शाई ओल्या हातांना टिकत नाही.

पंधरा वर्षं झाली, मलावी सरोवराच्या काठाकाठानं
मी शाळाशाळांतून मूत गोळा करतो.
माझं नाव लिम्बिकानी चिराम्बो.
पोरं म्हणतात, मुतारी मास्तर.
हरकत नाही. मास्तर तर म्हणतात.

म्बाविराच्या शाळेत आज ब्याण्णव बाटल्या.
एकसष्ट नंबर घेऊन यान्खो आला
फड मारल्यासारखा, बाटली उंच धरून.
आत चहाचा रंग नव्हे, सरळ लाल.
मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.
न्यासुलूबाई ओरडल्या. मी नाही ओरडलो.
मला लाल झालं तेव्हा
बापानं होडीच्या पुढच्या टोकाला बसवलं होतं,
म्हणाला, पोरींना येतं तसं पोरालाही येतं,
आता तू माणसांत आलास.
त्या दिवशी माशांचा मोठा वाटा माझा.

दुपारभर तेच काम.
हलवायचं, सिरिंजमध्ये दहा मिली ओढायचं,
बोटभर रुंदीच्या जाळीतून दाबून काढायचं,
जाळी काचेवर, आयोडीनचा थेंब, डोळा नळीला.
अंडं ओळखायला सोपं: लांबट,
एका टोकाला काटा.
त्या काट्यासकट ते भिंत फाडत बाहेर येतं.
अंगठ्याखाली मोजणीयंत्र टिकटिकत राहतं.
एकसष्ट नंबर: चारशे बारा.

बासष्टमध्ये चारशे तीन.
सत्तरमध्ये तीनशे सत्त्याण्णव.
त्र्याऐंशीत चारशे आठ.
मी चष्मा काढून पुसला.
या सरोवरानं इतकं समान वाटप कधी केलेलं नाही.

संडासामागे नेऊन विचारलं तेव्हा कळलं,
ज्यांची पिवळीच आली
त्यांच्या बाटल्या यान्खोनंच भरल्या होत्या.
भाव, एका बाटलीला तीन सुके उसिपा मासे.
हसू आलं. मग तीन नोंदी खोडल्या,
लिहिलं, नमुना बाद.
कारणाच्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना.

आणि पोरांना तरी काय सांगू?
गेल्या वर्षी राजधानीत माझा फोटो काढला आतला:
मूत्राशयाची भिंत पांढरी,
टरफलासारखी.
रात्री पाचदा उठतो, थेंबासाठी.
आणि माझी स्वतःची बाटली,
दुपारची, धावून आल्यावरची, मीच तपासलेली:
शून्य.
आता ती बाहेर येत नाहीत. भिंतीतच मुरली.
माझ्याच वहीत मी निरोगी आहे.

न्यासुलूबाईंनी सगळ्यांना न्सिमा खाऊ घातला,
उपाशीपोटी गोळ्या उलटतात.
मग उंचीची काठी. रंगीत पट्टा जितका वर, तितक्या गोळ्या.
यान्खो चवड्यांवर उभा राहिला.
टाचा खाली, म्हटलं.
अडीच गोळ्या. त्यानं तोंड वाकडं केलं
आणि कुणी पाहिलं का म्हणून लगेच सरळ केलं.

खिडकीतून पाणी दिसत होतं.
बायका भांडी घेऊन गुडघाभर आत,
पायांशी लव्हाळं, लव्हाळ्यात गोगलगाई असणारच.
एक बाई मागे एकदा म्हणाली होती,
गोळी तुमची, पाणी कुणाचं?
तेही चौकटीत बसलं नव्हतं.

जाताना यान्खो दारात अडला.
माझी किती निघाली?
आकडा सांगायचा नाही असा नियम आहे.
म्हटलं, पुष्कळ.
सगळ्यांत जास्त?
मी जाळ्या धुवायला घेतल्या.